वर आलो तर होडी नाही

मालवणला सुट्टीत येऊन पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्या पर्यटकाला हा प्रश्न पडत नाही. किल्ल्याच्या आसपासच्या खडपांत, पाच-सहा मीटर पाण्यात, प्रशिक्षकाने त्याला धरूनच ठेवलेलं असतं. होडी डोक्यावर. मासे बघून झाले, फोटो काढून झाले की वर.

प्रश्न पडतो तो पुढच्या पायरीवर. रीतसर शिकलेले डायव्हर किनारा मागे टाकून लांब जातात, पाऊण तास खाली घालवून वर येतात, आणि चहूकडे नुसतं पाणी. होडी नाही, किंवा आहे पण इतकी लांब, की तिचं छप्पर तेवढं लाटांआडून डोकावतंय.

तेव्हा काय करायचं, यावर दांडीच्या किनाऱ्यावरच्या एका घरात दोन मतं आहेत. काका तांडेल. आयुष्य जाळ्यात आणि वल्ह्यात गेलं. आता होडी मुलाकडे दिली तरी सुकाणू सोडवत नाही. पुतणी अंदमानात शिकून परतलेली स्कूबा प्रशिक्षक. दोघांचा एक बेत शिजतो आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला, सुमारे 105 किलोमीटरवर, भर समुद्रात अँग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळी पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या या पठाराचा माथासुद्धा पाण्याखाली वीसेक मीटरवर. तिथे आठ डायव्हर न्यायचे. होडी काकांची, माणसं तिची. तारीख ठरण्याआधी दोघं भांडले, आणि मी ते ऐकत बसलो. मधे नाक खुपसलं तिथे कंस टाकला आहे.

काका : तुझी माणसं वर आली आणि होडी दिसली नाही, तर तू त्यांना काय सांगणार? लांबण लावू नको.

पुतणी : पोहू नका, एकमेकांना सोडू नका, दिसत राहा.

काका : पोहू नका! ज्याला पोहता येतं त्याला सांगायचं पोहू नका?

पुतणी : हो. फिन्स घालून, सगळं सामान अंगावर असताना, पाठीवर पडून दमदार मारलं तरी तासाला दीड किलोमीटरच्या वर फारसं कोणी जात नाही. एक नॉटचा करंट म्हणजे तासाला जवळजवळ दोन किलोमीटर. होडीकडे तोंड करून जिवाच्या आकांताने मारत राहिलात तरी तुम्ही मागेच जाता. अर्ध्या तासात दम संपतो आणि होडी आणखी लहान दिसायला लागते. त्या क्षणी माणूस खचतो, काका.

काका : पाण्याविरुद्ध मारायचं कोणी सांगितलं? आडवं मारायचं. पाणी नेतंय तिकडे जाऊ द्यायचं आणि जाता जाता कडेला सरकायचं. खडप दिसलं, बेट दिसलं, तर त्याच्या वरच्या अंगापासूनच सरकायला लागायचं. समोर आल्यावर हात मारलेस तर निसटलंस. आमच्यातला पोरगा जाळं टाकताना पडला तर त्याला हेच सांगतात. 2008 साली ते पाच डायव्हर इंडोनेशियात वाचले ते कसे? तूच सांगितलं होतंस.

पुतणी : कोमोडोजवळ. वाहत गेले, रात्र पडली, आणि रिंका बेटाच्या किनाऱ्याला लागले. तिथे कालवं-शिंपल्या खाऊन राहिले, कोमोडो ड्रॅगन जवळ आला त्याला दगड मारून हाकललं. दोन दिवसांनी सापडले. बेट दिसत होतं म्हणून पोहले, हे मला मान्य आहे. अँग्रियावर कुठलं बेट दाखवता?

काका : अँग्रियावर नाय. पण तू नियम सांगतेस तो सगळ्या समुद्राला एकच. निवतीजवळच्या खडपांवर दीपस्तंभ उभा आहे, बाजूला खडक आहेत. तिथे माणूस वाहायला लागला तर तुझा नियम पाळून तो उघड्या समुद्रात जाणार, हाताशी खडक असताना.

पुतणी : आणि त्या खडकावर लाट फुटत असेल तर? सिलिंडर पाठीला, समोर कालवांनी भरलेला कातळ. 2014 साली बालीजवळ सात जपानी बायका वादळी पावसात होडीपासून तुटल्या. पाच जणी तीन दिवसांनी सापडल्या, त्यांतल्या काही खडकाला धरून होत्या. दोघी गेल्या. खडक वाचवतो हे खरं, पण जवळ जाण्याची एक रीत आहे. लाटांच्या पलीकडे थांबून बघायचं, आडोशाची बाजू शोधायची, तोंडात हवा आणि डोळ्यांवर मास्क ठेवूनच आत शिरायचं. हे घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. म्हणून मी पहिली आज्ञा देते ती थांबण्याची. सरकायचं की नाही ते नंतर, डोकं ठिकाणावर आल्यावर.

(इथवर दोघांचं म्हणणं ऐकून मला वाटलं, हे भांडण किनाऱ्यापासूनच्या अंतराचं आहे. जमीन टप्प्यात असेल तर काका बरोबर, नसेल तर पुतणी. पण काकांच्या पुढच्या वाक्याने माझी ही वाटणी मोडली.)

काका : थांबायचं ते कोणासाठी? कोणीतरी शोधायला येणार म्हणून ना? आणि येणारच नसेल तर? तू थांबली आहेस हे होडीवर कोणाला ठाऊकच नसेल तर?

पुतणी : तसं होत नाही, गणती असते.

काका : त्या ऑस्ट्रेलियातल्या जोडप्याच्या होडीवर गणती नव्हती?

(ते जोडपं अमेरिकन होतं. 25 जानेवारी 1998 रोजी क्वीन्सलँडच्या किनाऱ्यापुढे, ग्रेट बॅरियर रीफवर, त्यांनी शेवटची बुडी मारली. होडीवर गणती झाली, आकडा चुकीचा निघाला, होडी परतली. त्यांच्या पिशव्या होडीवर तशाच पडून होत्या, तरी ते दोघं मागे राहिल्याचं लक्षात यायला दोन दिवस गेले. पुढे त्यांचं काही सामान आणि मदतीची याचना लिहिलेली पाटी मिळाली. ते दोघं कधीच मिळाले नाहीत. कप्तानावर मनुष्यवधाचा खटला चालला, तो सुटला. ‘ओपन वॉटर’ नावाचा सिनेमा या घटनेवर बेतला. मला सिनेमातल्या शार्कपेक्षा त्या दोन दिवसांची भीती वाटते. त्या दोघांनी सगळं अचूक केलं असेल, एकमेकांना धरलं असेल, दम राखला असेल. ते ज्यांना दिसायला हवे होते ते सगळे घरी जाऊन झोपले होते.)

पुतणी : म्हणून मी आकडा मोजत नाही, नाव घेते. चेहरा बघून. एकाने दुसऱ्याच्या वतीने ‘आहे’ म्हणायचं नाही. 2004 साली कॅलिफोर्नियात एका डायव्हरला हजर लावून होडी पुढच्या जागी गेली. तिथे त्याची दुसरी बुडीसुद्धा वहीत नोंदवली गेली, आणि तो इकडे धुक्यात तरंगत होता. काही तासांनी एका शिडाच्या जहाजावरच्या स्काउट पोराला तो दिसला. शिट्टी होती, फुंकत होता.

काका : आणि कोर्टाने काय केलं?

पुतणी : 2010 साली सुमारे 17 लाख डॉलर भरपाई. पण ज्युरीने थोडा दोष त्याच्याही पदरी टाकला.

काका : टाकणारच. होडीपासून लांब कशाला वर आला? पण वही कोणाच्या हातात होती? होडीवाल्याच्या. तुझं शिकवणं डायव्हरला असतं, गो. मला कोण शिकवतं? सरकारचा कागद सांगतो लाइफ जॅकेट किती आणि परवाना कुठला. खाली आठ माणसं असताना नांगर कधी उचलायचा, ते कोण सांगतं?

पुतणी : तुम्हीच सांगा मग. तुम्ही काय कराल?

काका : पहिलं म्हणजे नांगराच्या दोराला बोया बांधून ठेवीन. कोणी वाहताना दिसलं की नांगर ओढत बसायचं नाही. दोर सोडून द्यायचा, बोया तिथे तरंगत राहील, नंतर येऊन उचलू. दुसरं, होडीच्या मागे लांब दोर सोडीन, टोकाला डबा. वर येऊन होडी चुकलेला माणूस त्या दोराला पकडतो. तिसरं, माणूस दिसेनासा झाला की त्याच क्षणी एक नारळ पाण्यात टाकायचा.

पुतणी : नारळ?

काका : पाणी नारळाला नेतं तसंच माणसाला नेतं. दोघंही जेमतेम डोकं वर काढून असतात, वारा फारसा लागत नाही. नारळ कुठे चालला बघ, तुझा माणूस तिकडेच असणार.

पुतणी : तटरक्षक दलाची जहाजं हेच करतात! शेवटच्या ठाऊक जागी एक बोया टाकतात, त्याच्या वाहण्यावरून शोधाचा पट्टा आखतात. म्हणून तर म्हणते, पोहू नका. नारळ पोहत नाही. माणूस पोहायला लागला की नारळ एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

(काका यावर बराच वेळ गप्प होते. पुतणीने जिंकलेला हा एकच मुद्दा, आणि तो तिला काकांनीच दिला.)

काका : बरं. पण मग माझा माणूस पाण्यात आहे तो काय करतो ते सांग. नुसता नारळ होऊन बसतो?

पुतणी : पहिलं काम, जॅकेटमध्ये हवा भरायची, तोंडाने भरावी लागली तरी. मास्क डोळ्यांवरच. कपाळावर सारला की पहिल्या लाटेत जातो. तोंडात स्नॉर्केल. शिशाचे वजनपट्टे, तरंगायला जड होत असेल तर सोडून द्यायचे. त्यांची किंमत नंतर बघू. सिलिंडर टाकायची घाई नको. आपल्याकडचे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, रिकामे झाले की उलट थोडे तरंगतात.

काका : आणि तो नारंगी फुगा?

पुतणी : तो तर खालूनच सोडायचा. वर यायच्या आधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो, तेव्हा रीळला बांधून. म्हणजे आम्ही वर यायच्या आधीच तुम्हाला कळतं आम्ही कुठे आहोत. वर आल्यावर तोच नळीसारखा फुगा उभा धरायचा, माणसाच्या उंचीएवढा. होडीत उभ्या माणसाला क्षितिज पाचेक किलोमीटर लांब असतं, पण लाटांत नुसतं काळं डोकं दोन-तीनशे मीटरवर हरवतं. पाण्यातल्या माणसाला होडीचं छप्पर दिसत राहतं आणि होडीला तो दिसत नाही. तो बिचारा समजतो, मला दिसतेय म्हणजे त्यांनाही मी दिसतोय.

काका : मग तो ओरडतो.

पुतणी : ओरडून घसा जातो. शिट्टी. तीही होडीचं इंजिन चालू असेल तर ऐकू येत नाही. म्हणून शोधताना तुम्ही मधूनमधून इंजिन बंद करा आणि ऐका. हे लिहून घ्या, काका, कारण हे तुमचं काम आहे. ऊन असेल तर आरसा. त्याची तिरीप किलोमीटर-किलोमीटर जाते. रात्री टॉर्च, पण होडीचा दिवा दिसेल तेव्हाच पेटवायचा.

काका : आणि एकमेकांना?

पुतणी : बांधून घ्यायचं. ऑस्ट्रेलियातच, 2008 साली, आणखी एक जोडपं बोटीपासून तुटलं. रात्रभर एकमेकांना अडकवून राहिले, 19 तासांनी हेलिकॉप्टरला दिसले. दोन डोकी एका डोक्यापेक्षा जास्त दिसतात, आणि चिकटून राहिलं की ऊबही टिकते.

काका : ऊब? आपल्या पाण्यात?

पुतणी : आपल्याच पाण्यात. पाणी 27-28 अंश असलं तरी अंगापेक्षा थंडच. हवेच्या मानाने पाण्यात शरीराची उष्णता पंचवीसेक पट वेगाने जाते. पहिल्या तासात काही वाटत नाही. रात्री दात वाजायला लागतात. गुडघे पोटाशी घ्यायचे, हात काखेत, हालचाल कमी. पोहण्याने ऊब येते असं वाटतं, पण पाण्यात ती उलट लवकर जाते. आणि समुद्राचं पाणी प्यायचं नाही, कितीही घसा सुकला तरी.

काका : तू हे सगळं सांगतेस ते एका दिवसापुरतं बरोबर. पण मलेशियात काय झालं?

(मला ही घटना पुतणीच्या तोंडूनच ठाऊक होती. एप्रिल 2022 मध्ये मर्सिंगजवळ चौघं पाण्यात उतरली, वर आली तेव्हा होडी नव्हती. प्रशिक्षिका दुसऱ्या दिवशी सापडली. दोघं अडीच दिवसांनी, शंभरावर किलोमीटर वाहून गेल्यावर सापडले. त्यांच्यातल्या एकाचा चौदा वर्षांचा मुलगा सोबत होता, तो वाचला नाही.)

पुतणी : तिथे थांबणं पुरलं नाही. पण पोहून कुठे गेले असते ते?

काका : ते मी म्हणतच नाय. मी म्हणतो, त्या दोघांना शोधलं कोणी?

पुतणी : मच्छीमारांनी.

काका : हां. हेलिकॉप्टरवाले त्यांचं काम करतात, मला आदर आहे. पण समुद्रावर रात्रंदिवस असतो तो मच्छीमार. म्हणून कुठेही माणूस हरवला की पहिला आवाज आजूबाजूच्या होड्यांना द्यायचा. वायरलेसवर सोळा नंबरला. फोन लागत असेल तर तटरक्षक दलाला 1554. पण त्याच वेळी होड्यांना. तासभर स्वतः फिरून बघू, अब्रू जाईल, लायसन्स जाईल, असा विचार करणारा तांडेल माणूस मारतो.

पुतणी : अँग्रियावर फोन लागणार नाही.

काका : इस्रोचं ते डॅट आहे होडीवर. बटण दाबलं की संकटाचा संदेश उपग्रहातून जातो.

पुतणी : ते होडीवर आहे. हरवलेला पाण्यात आहे. म्हणून मला प्रत्येक जोडीकडे एक पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, हवं. 406 मेगाहर्ट्झवर स्वतःचा ठावठिकाणा उपग्रहाला सांगतं. पाण्याबाहेर अँटेना उभी धरायची, बस. होडीला कळलं नाही तरी बेंगळुरूच्या इस्रो केंद्राला कळतं.

काका : चार यंत्रं घेशील. आणि मग तुझी माणसं म्हणतील, यंत्र आहे खिशात, करंट असला म्हणून काय झालं. मी बघितलंय हे जीपीएस आल्यावर. आधी पोरं आभाळ बघून निघायची. आता पडदा बघतात. वारा मतलई आहे की खारा, हेसुद्धा कळत नाही त्यांना. सकाळी मतलईत वाहिलास तर फुगा आणि वारा दोन्ही तुला बाहेर नेणार. दुपारनंतर खारा वारा सुटला की किनाऱ्याकडे ढकलणार. थंडीत पाणी वर देवगडकडे ओढतं, उन्हाळा सरत आला की खाली वेंगुर्ल्याकडे फिरतं. त्यात सहा-सहा तासांची भरती-ओहोटी. हे तुझ्या माणसांना उतरायच्या आधी कोण सांगणार? यंत्र?

पुतणी : तुम्ही. होडीवर उभे राहून, उतरण्याआधी. मी बाजूला बसते.

काका : मी? इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना?

पुतणी : तुम्ही मालवणीत बोला, मी सांगते त्यांना. पाणी आत्ता कुठे चाललंय, किती वाजता फिरणार, होडीपासून तुटलात तर कुठल्या दिशेला वाहाल आणि मी तुम्हाला कुठे शोधीन. एवढं चार मिनिटांत सांगा. पीएलबी मी तरीही घेणार.

(माझं मत विचाराल तर पीएलबीबाबत पुतणी बरोबर आहे. यंत्राने माणूस बेफिकीर होतो हे काकांचं निरीक्षण खोटं नाही, पण त्या मलेशियातल्या मुलाच्या हातात असं यंत्र असतं तर त्या बापाने एवढं धैर्य धरायची वेळच आली नसती. आणि त्या चार मिनिटांबाबत काका बरोबर आहेत. ‘थांबा’ या आज्ञेत वजन येतं ते आपल्याला कुठे शोधणार हे ठाऊक असलं तरच. ते ठाऊक नसलेला माणूस पोहणारच.)

काका : आता अवघड सांग. आठ जण खाली. सात जण अजून वर यायचे आहेत. एक वाहत चाललाय, मला दिसतोय, फुगा दिसतोय. मी काय करू?

पुतणी : थांबा. सात जणांच्या डोक्यावरून होडी हलवायची नाही. ते वर आले आणि तुम्ही नसलात तर आठही हरवले.

काका : आणि तो एक? तो दोन नॉटने चाललाय. सातांना वर यायला वीस मिनिटं. तेवढ्यात तो दिसेनासा. मी दोर सोडणार आणि त्याच्या मागे जाणार. बोया आहे ना नांगरावर, सात जण बोयाला धरून राहतील.

पुतणी : त्यांना वर आल्यावर बोया दिसेल, होडी नाही. वर आलेला माणूस होडी शोधतो. आणि तुमचं इंजिन वाजलं की खाली प्रत्येकाला ऐकू जाणार. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो, कुठल्या दिशेने येतोय ते कळत नाही. सातही जणांना वाटेल, होडी आपल्याच डोक्यावर आली किंवा आपल्याला टाकून गेली.

काका : मग एका माणसाला जाऊ देऊ?

पुतणी : नाही.

काका : मग?

पुतणी : दुसरी होडी. लहान चालेल, आउटबोर्डवाली. मोठी होडी नांगरावर, लहान फिरती. ती फुग्यांच्या मागे.

काका : शंभर किलोमीटर लहान होडी न्यायची कशी? मोठीवर चढवून? मग आठ डायव्हरच्या जागी पाच. सिलिंडर, कॉम्प्रेसर, पाणी, डिझेल. पैसे कोण देणार?

पुतणी : पाच न्यायचे मग.

काका : पाचांत डिझेलसुद्धा सुटणार नाय.

पुतणी : मग दर वाढवू.

काका : दर वाढवला तर गोव्याहून कोणीतरी आठ जण घेऊन जाईल, एकाच होडीत, निम्म्या पैशात.

पुतणी : जाऊ देत. त्यांची वही मी लिहीत नाही.

काकांनी कागद ओढला आणि हिशोब पुन्हा मांडायला घेतला. पाच डायव्हर, लहान होडी, तिच्यावर एक जादा खलाशी. डिझेलच्या आकड्यापाशी पेन्सिल थांबली. पुतणीने पीएलबीची किंमत सांगितली, आणि काकांनी ती खाली, वेगळ्या ओळीत लिहिली.